संगणक ठेवला, सिस्टीम परत केली: नीवेस झागी यांचे मृत्युपत्र

मी, नीवेस झागी, वय शहात्तर, फेरारा येथील तंत्रशाळेची निवृत्त शिक्षिका, माझ्यामागे काय कोणाकडे जावे हे आज स्वतः ठरवून लिहून देत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. नोटरीबाईंनी तशी खात्री करून घेतली आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. ते किती अवघड आहे, हे पुढे दिसेलच.

कलम १. राहते घर शनिवारच्या मंडळाला द्यावे. ही मंडळी माझ्या तळमजल्यावर बसून लोकांच्या संगणकांवर मोफत, खुली ऑपरेटिंग सिस्टीम घालून देतात. वरचा मजला भाड्याने देऊन खर्च भागवावा. येणाऱ्याला कॉफी विचारावी.

कलम २. माझा काळा लॅपटॉपही मंडळाकडेच राहील. तो विकू नये. त्याची हकीकत अशी.

जुना संगणक बंद पडला म्हणून मी नवा घेतला. शाळेत मी वर्षानुवर्षे खुली सिस्टीम वापरत आले होते, आणि या यंत्रात दुसरीच, विकतची, आधीच भरलेली होती. पहिल्यांदा चालू करताच करारपत्र समोर आले. मी ते पूर्ण वाचले. मान्य नसेल तर पैसे परत मागा, असे त्यातच लिहिले होते. मी ‘अमान्य’ दाबले आणि दुकानात गेले.

दुकानदार म्हणाला, “बाई, सगळे जण ‘मान्य’च दाबतात.”

“मी नाही दाबलं. आता पुढे काय?”

त्याने मला कंपनीला लिहायला सांगितले. कंपनीने कळवले, हवे तर अख्खा लॅपटॉप परत करा, नुसत्या सिस्टीमचे पैसे मिळणार नाहीत. मी कोर्टात गेले.

कलम ३. माझी यंत्ररेखनाची, कंपास-पट्ट्यांची पितळी पेटी माझी विद्यार्थिनी, वकील मिरेल्ला काव्हल्लारी हिला द्यावी. वर्गात तिच्या रेघा कधी सरळ आल्या नाहीत, पण या प्रकरणात ती तसूभर हलली नाही. निकालाआधी कंपनीचा माणूस तिच्याकडे आला होता. नवे कोरे यंत्र, वर भरपाई. अट एवढीच, की याबद्दल कुठे बोलायचे नाही.

मिरेल्ला म्हणाली, “बाई, सही केलीत तर आजच मोकळ्या व्हाल. हरलो तर गावभर हसं होईल.”

“म्हणजे नको असलेल्या कागदाला आता मान्य म्हणू?”

तिने फाइल मिटली. “मग लढू या.”

न्यायाधीशांनी मला विचारले, “एवढ्याशा रकमेसाठी?”

मी म्हटले, “साहेब, पाववाल्याने पावाबरोबर मासळी गळ्यात मारली आणि नको म्हटल्यावर पावही परत कर म्हणाला, तर तुम्ही मासळीचा भाव विचाराल का?”

आम्ही जिंकलो. कंपनी वरच्या कोर्टात गेली, तिथेही जिंकलो. परत आलेल्या पैशांत आम्ही दोघी त्याच दुपारी भोपळ्याचे सारण भरलेले कापेल्लाच्ची जेवलो. नंतर अनोळखी माणसे निकालाची प्रत मागायला दारी येऊ लागली. चाळीस वर्षे शिकवले, त्याहून मोठा धडा मी त्या एका ‘नाही’ने दिला, असे मी मानते, आणि हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

कलम ४. बँकेतील शिल्लक अशाच प्रकरणांत कोर्टाची पायरी चढणाऱ्यांच्या खर्चाला लावावी.

कलम ५. कोमाक्कियोच्या खाडीवर वडिलांची मासे धरायची खोपी आहे. तिच्यातला माझा अर्धा वाटा माझा भाऊ उल्देरिको याला द्यावा. खटला चालू असताना ईस्टरच्या जेवणात, सगळ्यांसमोर, तो म्हणाला होता, “नीवेस, बाजारात लोक विचारतात, तुझ्या बहिणीला वेड लागलंय का? मी काय सांगू?”

मी म्हटले, “सांग, लागलंय.” आणि ताट सोडून उठले. त्यानंतर तो या घरी आला नाही, निकाल लागल्यावरही नाही. त्याने तळलेल्या ईल माशाची चव अजून कुठे सापडलेली नाही, हेही नोंदवते.

त्याने आधी माफी मागावी अशी अट मिरेल्लाने मसुद्यात घातली होती. ती मी खोडली. देण्याला अट चिकटवलेली मला चालत नाही. खोपी हवी का, एवढेच त्याला विचारावे. तो नाही म्हणाला तर ‘नाही’ लिहून घ्यावे, कारण विचारू नये. तो झागी आहे, आणि नाही म्हणण्याचा त्याचा हक्क मी दोन कोर्टांत मिळवून ठेवला आहे.

वरील सर्व मला वाचून दाखवले. मी ते स्वतःही पुन्हा वाचले. मान्य आहे.

सही: नीवेस झागी

आमच्यासमोर सही केली:
१. तुल्लियो बोनाझ्झा, ग्रंथपाल
२. एर्मेस फोर्लानी, शेजारी

फेरारा, १४ ऑक्टोबर २०१९