मागच्या जागेतला कांदा

२ जून
मीटिंगमध्ये उभा राहिलो. बिल्डिंगच्या मागची पडीक जागा पार्किंगला द्यायचं चाललं होतं. तिथे नुसत्या फुटक्या फरश्या आणि राडारोडा. मी म्हणालो, तिथे ऑर्गॅनिक भाजी पिकवून दाखवतो, सगळ्या बिल्डिंगला पुरेल एवढी. कोणी हसलं नाही. चेअरमन मात्र खोकले. सप्टेंबरच्या मीटिंगपर्यंत मुदत मिळाली. तोवर भाजी दिसली नाही तर गाड्या.
घरी हिला सांगितलं. म्हणाली, अहो, कुंडीतली कोरफड वाळवलीत तुम्ही. कोरफड.
तो विषय वेगळा.

३ जून
जागा मिळायलाच हवी. सूनबाई दिवसभर हॉलमध्ये लॅपटॉपवर शिकवते. मी खोकलो की पलीकडची पोरं हसतात. आतल्या खोलीत हिचं शिलाई मशीन. म्हणून मी जिन्यात बसतो, वळणावरच्या पायरीवर. येणारे-जाणारे विचारतात, काका, किल्ली विसरलात का. रोज हो म्हणतो. आता मात्र विचारतील, काका, मळ्यात निघालात का.

८ जून
राडारोडा उचलला. कंबर धरली. खाली सगळा लव्हाळा, ते चिवट गवत. मुळाशी काळ्या गाठी. मोबाइलवरचे शेतीवाले सर सांगतात, तण फेकू नका, बारीक तोडा, मातीतच गाडा, फुकटचं खत. म्हणजे शत्रूलाच कामाला लावायचं. पटलं. गाठींसकट तोडून गाडला, वरून भरपूर पाणी.
ही खिडकीतून ओरडली, अहो, त्या गाठी वेचून टाका, एकेकीला कोंब फुटतो. हिला ऑर्गॅनिक कळत नाही.

१५ जून
कांद्याचं बी पेरलं, दोरी लावून, ओळीत. कांदाच का? सगळ्यांना लागतो. शिवाय मला ओळखता येतो.
सारखा खाली जाऊन बघतो.

२४ जून, सकाळी ६
उगवलं. सगळीकडे उगवलं. हिरव्यागार पाती. पेरलं नव्हतं तिथेसुद्धा, पार भिंतीपर्यंत. बी जातिवंत निघालं. चेअरमनना बोलावून दाखवलं. म्हणाले, काका, गच्च आलंय की. त्यांचा चेहरा जरा उतरला असं वाटलं.
सूनबाई म्हणाली, बाबा, तुम्ही ओळीत पेरलं होतं ना? म्हटलं, पावसाने पसरलं.

५ जुलै
निंदणी केली. कांद्याच्या मध्ये मध्ये मरतुकड्या, केसासारख्या काड्या आल्या होत्या, नेमक्या ओळीत. तण किती लबाड असतं. एकूण एक उपटून गटारात टाकल्या.
जेवायला बसलो तर ही म्हणाली, तुमच्या हाताला कांद्याचा वास येतोय. म्हटलं, मग? येणारच. तिने माझा हात ओढून हुंगला. मग विचारलं, काय उपटलंत तुम्ही?
मी पाणी मागितलं.

२० जुलै
आसपास कोणी नाही असं बघून एक पात चुरगाळली. वास नाही. सर्दी असावी. डॉक्टरांकडे गेलो. म्हणाले, नाक ठणठणीत आहे, काका. डॉक्टर बदलायला हवा.

११ ऑगस्ट
उकरून बघितलं. खाली काळी गाठ. कांदा लहानपणी काळा असेल. वर तपकिरी तुरे आलेत. तेवढं सर बोलले नव्हते.
ही म्हणाली, अहो, आता तरी माना, लव्हाळा आहे तो. तुम्हीच गाडलेला, तुम्हीच पाणी घालून पोसलेला. जेवल्यावर हात धुताना सूनबाईने हळूच विचारलं, बाबा, मीटिंगमध्ये तुमच्या बाजूने मी बोलू का? म्हटलं, गरज नाही. तांब्या हातातून निसटला. ओला होता.

९ सप्टेंबर
तातडीचा उपाय. बाजारातून मुळांसकट कांद्याची पात आणली, पुढच्या बाजूला रोवली. ही फसवणूक नाही, याला रोपं लावणं म्हणतात. भाजीवाला विचारत होता, काका, एवढी पात कोण खाणार? पाहुणे आहेत म्हटलं.

९ सप्टेंबर, दुपारी
पाहुण्यांनी माना टाकल्या.

१४ सप्टेंबर
मीटिंग जागेवरच झाली. उशिराचा वाण, पाऊस, जमिनीचा कस, अशी सगळी कारणं घोकून गेलो होतो. चेअरमन बूट घालून इकडून तिकडे चालले. टाच आपटून बघितली. म्हणाले, काका, भाजीचं जाऊ द्या, पण लॉन काय केलंत तुम्ही. एवढ्या पावसात माझी गाडी इथे लावून बघितली, चाक रुतलं नाही. नुसता चिखल असता तर खडी टाकावी लागली असती.
टाळ्या वाजल्या. मला उभं केलं. पार्किंगचा ठराव एकमताने पास झाला. एकमतात मीही आलो. हात वर झाल्याचं नंतर लक्षात आलं.

१७ सप्टेंबर
लॉनची देखभाल माझ्याकडे आली. पद म्हणायला हरकत नाही. प्लास्टिकची खुर्ची मिळाली, दोन गाड्यांच्या मध्ये. जिना सुटला. हिला सांगितलं तर म्हणाली, टोपी घालून बसत जा.
सावली चेअरमनच्या गाडीची पडते. ते तीनला क्लबमध्ये जातात. मग ऊन. आज ते गेल्यावर उठलो आणि चाकाखाली आडवं झालेलं गवत हाताने सरळ केलं.