ओट्यावरचा काळा दगड

सर, आज येरवड्यात एका विद्यार्थिनीच्या घरी गेले होते, आणि तिच्या स्वयंपाकघरात तुमची फार आठवण आली. हिमाचलातल्या स्पितीच्या अभ्यास सहलीला तिच्या वडिलांचा नकार आहे. बोलणं थेट माझ्या बाबांसारखं. "दगडच बघायचेत ना मॅडम? पुण्यात काय कमी आहेत?"

मी तिच्याएवढी असताना तुम्ही याच कामासाठी आमच्या कर्वेनगरच्या घरी आला होता. बाबांनी नुकताच नवा ओटा करून घेतला होता. ते तुम्हाला थेट आत घेऊन गेले. "बघा सर, ब्लॅक ग्रॅनाइट." वर्गात मी असल्याच काळ्या दगडाला ग्रॅनाइट म्हटलं, तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "आपण भूगर्भशास्त्र फरशीच्या दुकानात शिकलात का?" बाबा मानी. हा ग्रॅनाइटच नाही, दुकानदार नुसतं तसं म्हणतात, हे खरं तुम्ही बोलला असतात तर माझी सहल तिथेच संपली असती. तुम्ही ओट्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "छान आहे."

मग आईकडून कणकेचा गोळा घेऊन त्यावर पोळपाट दाबून धरलात. "ग्रॅनाइट असा खोल, तापलेल्या भागात तयार होतो. वरचं कवच ताणलं गेलं की तिरकं फाटतं आणि बाजूला घसरतं." पोळपाट सरकतो. दबलेली कणीक सावकाश वर येते आहे, बाबा वाकून बघतायत. "कोणी ढकललं तिला?" तुम्ही विचारता. "कोणी नाही. वरचं वजन गेलं," बाबा म्हणतात. "तेच दाखवायला नेतोय. लाखो वर्षांचं काम आहे, आठवड्यात बघून येऊ." बाबा हसले, तेव्हाच मला कळलं की मी जाणार.

आज मीही कणीक मागितली. ती फ्रिजमधली, मेली हलेचना. खालचा खडक तापलेला, मऊ असावा लागतो हे वर्गात शिकवते मी, आणि तिथेच विसरले. गोळा हातांनी मळून ऊबदार केला, पुन्हा दाबला. आला वर. मुलीच्या वडिलांनी वर आलेली कणीक बोटाने दाबून पाहिली. मग म्हणाले, "तिकडं थंडी किती असते?" आई माळ्यावरच्या स्वेटरचं बोलू लागली. मुलगी माझ्याकडे बघतच नव्हती, पण तिचे कान लाल झाले होते. मला फार फार बरं वाटलं, सर.

त्यांचाही ओटा काळाच होता. मीही छान म्हटलं.

एक सांगायचं राहिलं. बाबा अजून येईल त्या पाहुण्याला ओटा दाखवतात आणि म्हणतात, "अस्सल ग्रॅनाइट. खुद्द हिच्या सरांनी हात लावून सांगितलंय." मी शेजारीच उभी असते. तुमचं नाव खराब होतंय, पण मी काही बोलत नाही.