कोडोलीच्या बाईंचे नाव मिळणेबाबत

प्रति,
मा. जन माहिती अधिकारी,
अपघात अभिलेख कक्ष,
कोल्हापूर.

अर्जदार : श्रीमती अंजना यल्लाप्पा कुरणे, वय ५६, व्यवसाय चपाती-भाकरी करून देणे, रा. राजारामपुरी, कोल्हापूर.
लिहिणार : संघप्रिया, अर्जदार यांची मुलगी.

विषय : दारू पिऊन वाहन चालविल्याच्या प्रकरणातील मयत महिलेचे फक्त नाव मिळणेबाबत. (अर्ज चौथा)

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे पत्र, "रकाना क्र. ७ योग्यरीत्या भरलेला नसल्याने अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे."

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार यांना सहीपुरते लिहिता येते. सबब हा अर्ज त्यांच्या सांगण्यावरून त्यांची मुलगी लिहीत आहे. मुलगी एका वकिलांकडे टायपिंगला आहे, त्यामुळे 'सबब' आणि 'उपरोक्त' तिला सवयीचे आहेत. तरीही मध्येच कार्यालयीन भाषा सुटली तर तो दोष मुलीचा समजावा, अर्जदारांचा नव्हे.

२. अर्जदार यांचा मुलगा सूरज हा मागील वर्षी फेब्रुवारीत एका रविवारी संध्याकाळी मित्राने नवी गाडी घेतल्याच्या पार्टीहून मोटारसायकलवरून परत येत होता. तो दारू प्यायलेला होता. पन्हाळा रस्त्याला एका थांब्यावर एसटीची वाट पाहत उभ्या असलेल्या महिलेस त्याने धडक दिली, पुढे जाऊन खांबावर आदळला व जागीच मरण पावला. त्याच दिवशी सकाळी विहारात वंदनेला तो सर्वांच्या पुढे बसला होता आणि मद्यापासून दूर राहण्याचे पाचवे शील त्याने मोठ्याने म्हटले होते. आवाज चांगला होता त्याचा. हे येथे लिहिण्याची गरज नव्हती, पण लिहिणारणीला त्याचा राग अजून गेलेला नाही.

३. सदर महिला त्या वेळी जिवंत, मात्र बेशुद्ध होती. त्यामुळे गुन्ह्याच्या पहिल्या खबरीत "अनोळखी महिला, वय अंदाजे पन्नास" एवढीच नोंद आहे. पंचनामा मात्र तपशीलवार आहे. हिरवे लुगडे, दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या, एक कापडी पिशवी, तीत लहान मुलाच्या नव्या चपला व चिरमुऱ्यांची पुडी. हा पंचनामा अर्जदारांनी मुलीकडून इतक्या वेळा वाचून घेतला आहे की तो त्यांना पाठ आहे. बांगड्या होत्या म्हणजे मालक असणार, चपला होत्या म्हणजे नातवंड असणार, असे त्या भाकऱ्या थापताना आपल्याशीच बोलत असतात. त्या बाईंचे सगळे त्यांना माहीत आहे, नाव तेवढे माहीत नाही.

४. दोन दिवसांनी त्या बाई वारल्या. आरोपीही मयत असल्याने प्रकरण बंद झाले आणि कागद पुढे गेले. पोलीस ठाण्यात म्हणतात, कागद कोर्टात. कोर्टाच्या अभिलेख विभागात म्हणतात, नंबर आणा. नंबर नेला तर म्हणतात, तुमच्या नंबरात बाई अनोळखीच आहे. दवाखान्यात म्हणतात, नाव सांगा म्हणजे नाव शोधता येईल.

५. आता ती बाई कोडोलीची हे अर्जदारांना कसे कळले, अशी पृच्छा आपल्या कार्यालयाने केली होती. त्याचा खुलासा असा. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सूरजला ताब्यात घेण्यासाठी अर्जदार व लिहिणार सरकारी दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बसलो होतो. शेजारी खेड्यावरचे एक कुटुंब बसले होते. त्यांच्यातल्या एका बाईने फडके सोडले आणि अर्जदारांच्या हातावर भाकरी-चटणी ठेवली. म्हणाली, "खावा वाईच, पावणं. मागं ऱ्हायल्यालं माणूस उपाशी ऱ्हाऊन कसं चालंल?" अर्जदारांनी एक घास खाल्ला. मग बोलता बोलता ती म्हणाली की आम्ही कोडोलीचे, आमची थोरली जाऊ आत आहे, कुणा बेवड्याने गाडी घातली अंगावर. तिने पुढे विचारले, "तुमचं कोण गेलं?" अर्जदार "पोरगं" एवढेच म्हणाल्या आणि उठल्या. उरलेली भाकरी त्यांनी पदरात बांधून घरी आणली. ती कुणालाही टाकू दिली नाही, कितीतरी दिवस ती डब्यात होती.

६. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारची माणसे घास घेऊन जातात. ज्या घरी आपण भाकरी घेऊन जायचे, त्याच घरची भाकरी अर्जदारांनी खाल्ली, आणि ती देणारीला ठाऊक नव्हते आपण कुणाला वाढतो आहोत. सूरजच्या पुण्यानुमोदनाला बौद्धाचार्यांनी त्याचे नाव घेतले तेव्हा अर्जदार मध्येच म्हणाल्या, आधी तिचं घ्या. बौद्धाचार्य थांबले व म्हणाले, घेतो, काय नाव? ते घरात कुणालाच माहीत नव्हते. आता वर्षाचा कार्यक्रम तोंडावर आला आहे. त्या बाईंचे नाव आधी घेतल्याशिवाय सूरजचे घेऊ द्यायचे नाही, असे अर्जदारांनी ठरविले आहे. नाव मिळाले नाही तर कार्यक्रमच होणार नाही. लिहिणारणीने पुष्कळ समजावून पाहिले, पण आमच्या आईने एकदा ठरवले की ठरवले.

७. "कोडोलीत जाऊन विचारा की मावशी," असा सल्ला आपल्या खिडकीवरून मिळाला होता. अर्जदार गेल्या होत्या. भाकरी आणि पिठले फडक्यात बांधून एकट्याच एसटीने गेल्या. थांब्यावर उतरताच एका म्हाताऱ्याने आपुलकीने विचारले, "कुणाच्यात आलायसा, पावणं?" गावात उतरलेल्या परक्या माणसाला हेच विचारतात, त्यात त्यांचे काही चुकले नाही. अर्जदार चुकून उतरले म्हणाल्या, आणि त्याच गाडीत परत चढून बसल्या. भाकरी परत आली. म्हणून त्यांना कार्यालयातून नाव हवे होते. कार्यालय कुणाच्यात आलाय असे विचारत नाही, अशी त्यांची समजूत होती.

८. परंतु आपल्या छापील नमुन्यात रकाना क्र. ७ आहे : "अर्जदाराचे मयताशी नाते." माहिती मागणाऱ्याला कारण विचारू नये असे कायदा सांगतो, हे लिहिणारणीला ठाऊक आहे. तिने ते खिडकीवर सांगूनही पाहिले. उत्तर मिळाले, "कायदा हाय, पण रकाना बी हाय की." कायद्याला अपील असते, रकान्याला काही नसते.

९. पहिल्या अर्जात सदर रकाना कोरा सोडला होता. तो अपूर्ण म्हणून परत आला. दुसऱ्या अर्जात "काही नाही" असे लिहिले. त्यावर कळविण्यात आले की, नाते नसल्याने आपणास सदर नावाची आवश्यकता दिसून येत नाही, मात्र सार्वजनिक स्वरूपाची माहिती देता येईल. त्याप्रमाणे शहरातील दारू पिऊन वाहन चालविल्याच्या प्रकरणांचा तक्ता पाठविण्यात आला. महिनावार, वयोगटवार, वाहनाच्या प्रकारानुसार. तक्ता सुबक आहे. अर्जदारांनी तो मांडीवर घेऊन त्यावरून बराच वेळ बोट फिरविले आणि विचारले, "ह्यातला आपला सूरज कंचा?" लिहिणारणीने त्यांना दुचाकी, वीस ते तीस वयोगट, फेब्रुवारी, असा चौकोन दाखविला. त्यांनी त्या आकड्यावर बोट टेकवून ठेवले. मग म्हणाल्या, "आणि ती?" ती त्या तक्त्यात नव्हती. तक्ता चालविणाऱ्यांचा होता.

१०. तिसऱ्या अर्जात "इतर" असे लिहिले. त्यावर "इतर असल्यास नाते स्पष्ट नमूद करावे व पुरावा जोडावा" असे पत्र आले. ते पत्र आल्यावर लिहिणारणीने सांगितले की आई, आता सोडून दे. त्यात लिहिणारणीचाही स्वार्थ होता, हे मान्य. गेले वर्षभर आमच्या घरात 'सूरज अपघातात गेला' एवढेच वाक्य आहे. आल्यागेल्याला तेच सांगायचे, चहा द्यायचा, आणि विषय बदलायचा. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आईने कधी तोंडातून काढला नाही, आणि तो ऐकायची ताकद लिहिणारणीतही नव्हती. रकाना कोरा राहिला तो नमुना न कळल्यामुळे नव्हे.

११. काल भाकऱ्यांचे काम आवरल्यावर आई हात धुऊन आली, समोर बसली आणि म्हणाली, "घे कागद. सातवा रकाना लिव्ह." मी पेन काढले. ती म्हणाली, "लिव्ह, माझ्या पोरानं दारू पिऊन मारली तिला. मी त्याची आई." मी लिहीत असताना ती माझ्या हाताकडे बघत होती. लिहून झाल्यावर परत वाचायला लावले. मग रडली. सूरज गेला त्या दिवसापासून ती अशी रडली नव्हती.

१२. सबब विनंती की, रकाना क्र. ७ आता पूर्ण भरला असल्याने मयत महिलेचे नाव देण्यात यावे. पत्ता नको. आडनाव देता येत नसेल तर तेही नको. नुसते नाव पुरे, ज्या नावाने तिला घरात हाक मारत असतील ते. कोडोलीला आई यापुढे जाणार आहे, थांब्यावर कुणी विचारले तर काय सांगायचे हे आता तिला ठाऊक आहे. पण त्यांच्या दारात जाऊन 'तुमच्यातली ती बाई' असे म्हणायला लागू नये, एवढीच तिची इच्छा आहे.

कळावे.

आपल्या उत्तरासाठी खोळंबलेली,

(सही) अंजना यल्लाप्पा कुरणे

स्थळ : कोल्हापूर
दिनांक : ३ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) छापील नमुना, सर्व रकाने भरलेला.
२) पहिल्या खबरीची प्रत. आरोपीचे नाव : सूरज यल्लाप्पा कुरणे.
३) नात्याचा पुरावा म्हणून सूरजचा जन्मदाखला. आईचे नाव : अंजना.