एकशे चौदा नंबरचा बिल्ला

३ मे
कैरी चिरताना सुमन आठवली. अरवलीच्या डोंगरातली जस्ताची खाण, मे महिन्याची सुट्टी, हजेरीच्या खोलीमागची सावली. मी नाशिकच्या कॉन्व्हेंटच्या होस्टेलवरून घरी आलेली. दोघींत एक कैरी. तिखटमीठ तिच्या तळहातावर, बोट माझं. नऊ वर्षांच्या होतो.
आत माझे बाबा, हजेरीबाबू. तिचे वडील दगूकाका खाली ड्रिल चालवायचे. परमुलखात दोनच घरं नाशिककडची.

६ मे
ऑपरेशन १४ला. हृदयाची झडप. माझ्या लेकीने, रुचाने, डॉ.ना शंभर प्रश्न विचारले. मी एकही नाही.
संध्याकाळी तिने मोबाइलवर खाण दाखवली. कधीच बंद पडलेली. तोंडाला लोखंडी जाळी, आत हिरवट पाणी. "आई, तू इथे राहायचीस?"
किती शांत दिसत होतं पाणी.

८ मे
पहाटे स्वप्न. त्या पाण्यातून खाली खाली चाललेय, पाय कोरडे. भिंती चमचमतायत. तळाशी बाबांचा लाकडी फळा. खिळ्याखिळ्याला पितळी बिल्ला. ११४चा खिळा तेवढा मोकळा.
खाली जाताना माणसाने आपला बिल्ला लावायचा, वर आला की काढून न्यायचा. फळा रिकामा, म्हणजे सगळे वर. मगच बाबा घरी यायचे.

९ मे
लिहूनच टाकते.
ठिकरी खेळायला चपटा दगड मिळेना. बाबा पाणी प्यायला गेलेले. मी ११४ काढला. फरशीवर काय सुंदर सरकायचा! मग आईची हाक. तो फ्रॉकच्या खिशातच राहिला.
११४ दगूकाकांचा. काका खाली, पाय दगडाखाली अडकलेला. वर फळा रिकामा. बाबा घरी आले, जेवले. काकूंना वाटलं, डबल पाळी असेल. काका सापडले दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पाळीला. पाय काढावा लागला.
बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले, "माझीच नजर चुकली." आणि मी...
शाळेत ख्रिश्चन मुली कन्फेशनला रांग लावायच्या. मी खांबाआडून बघायची. हेवा वाटायचा.

११ मे
धीर करून देवळ्याला सुमनला फोन.
"काय कॉन्व्हेंट मॅडम, जित्या हायेत का?"
"सुमन, तुला एक सांगायचंय."
"फोनवर नको. कांदा चाळीत भरून झाला की येतेच मी. दवाखान्यात तुझ्याजवळ मीच बसणार. आता लय बोलू नको, दम लागतोय तुला."
हसते अगदी काकांसारखी.

१३ मे
रुचा, बॅग भरलीय. बांगड्या तुला. पुस्तकं शाळेच्या लायब्ररीत दे. पितळी पातेलं लताबाईंना, घासताना त्या नेहमी त्याचं कौतुक करतात.
बिल्ला सुमनला. ही पानंही आधी तिला, मग तू वाच. तिने बिल्ला फेकला तर उचलू नकोस. रडली तर जवळ बस. एवढंच सांग की आजोबांची नजर चुकली नव्हती.
पण हे सगळं मी नसले तर. ती उद्या पहाटेच्या एस.टी.ने येतेय. मला नऊला आत नेणार.
बिल्ला आत्ता मुठीत आहे. मघाशी गार होता.