स्पीकरवर ठेवलेला हात

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. कामावर कानांत बोळे घालतो, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचण्याआधीच तुमचा पारा चढेल. गिरणीतल्या मागांनी तुमचे कान नेले, आणि मी लागलो हेवी मेटलच्या कार्यक्रमांत स्पीकर लावायला! जेवण वेळेवर होतं. आईची पाठ कशी आहे?

आम्ही कामगार आवडत्या बँडचे नंबर लावतो आणि त्यावरून भांडतो. तिघा केसाळ भावांचा एक बँड आहे. असे किंचाळतात, की आईने एकेकाला धपाटे घातले असते. तरी माझा तिसरा नंबर त्यांनाच. दुसरा एका बाईच्या बँडला. ती एरवी दातांची डॉक्टर, पण ड्रमवर बसली की अंगात आल्यासारखी वाजवते.

पहिला नंबर परवा तालमीत ठरला. त्या बँडमधले सगळे म्हातारे, गिटारवाला तर काठी टेकत आला. गाणं संथ आणि जड. मी सहज स्पीकरवर हात ठेवला, आणि बाबा, तो ठोका तळहातातून चढला तो थेट छातीत घुमला. अंगावर काटा आला. लहानपणी डबा घेऊन यायचो, तेव्हा तुम्ही माझा हात चालत्या मागाच्या चौकटीवर ठेवायचात ना, अगदी तसं! कानांत बोळे होते, तरी गाणं पुरतं कळलं.

आई म्हणते, तुम्ही हल्ली चारचौघांत बसत नाही. इकडे या. या वेळी तुमचा हात मी ठेवतो. मग नंबरावरून माझ्याशी भांडा.

वाट पाहणारा,
तुमचा धाकटा