साठ मीटर आणि एक 'ह'

वडगाव, बेळगाव
गुरुवार

तीर्थस्वरूप विद्युल्लतामावशींस,

ऋग्वेदचा निपाणीच्या दिशेनं तोंड करून साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? काकांचं तपकीर ओढणं बंद झालं की नुसतं लपून चाललंय? आम्ही सगळे ठीक आहोत. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मला दुसऱ्या वाक्याला अडवता आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लांब लिहिलं की नुसता अंगठा पाठवता. (शुद्धलेखन तपासून पत्र परत पाठवलंत तरी चालेल, पण आधी शेवटपर्यंत वाचा.)

पिरनवाडीच्या पलीकडं नवी वसाहत झालीय, तिथं आमच्या कंपनीनं साठ घरांना पाण्याचे बिनतारी मीटर बसवलेत. मीटरनं स्वतःच टाकीवरच्या टॉवरला आकडा कळवायचा. पण त्याआधी टॉवरला हाक मारावी लागते, "मी आहे, मला घ्या" म्हणून. हाकेसाठी आठ वाटा असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. कुणी कधी हाक मारायची याला पाळी नसते, ज्याला वाटेल त्यानं मारायची. सगळे एकाच चॅनेलवर ओरडले तर टॉवरला कुणाचंच कळत नाही. तुमच्या वर्गात "बाई, मी सांगू, मी सांगू" सुरू झालं की व्हायचं ना, तसंच. म्हणून मीटरला उड्या मारायला शिकवायचं: एकदा या चॅनेलवर, पुढच्या वेळी त्या, आणि प्रत्येकाच्या उड्यांचा क्रम वेगळा. ते शिकवायचं काम माझ्याकडं होतं.

आमचे नंजेगौडा सर मंड्याकडचे. माणूस सोन्यासारखा, पण 'ह' त्यांच्या तोंडात टिकत नाही. सोमवारी फोनवर ते म्हणाले, "एल्ला आरबेकु." म्हणजे 'हारबेकु', सगळ्यांनी उड्या मारायला हव्यात. मी ऐकलं 'आरु बेकु', सगळीकडं सहा हवा. (माझं कन्नड बसमधलं आणि बाजारातलं. त्यात आकडे तेवढे पक्के, म्हणून आकडाच ऐकू आला.) परत विचारलं असतं तर मला कन्नड येत नाही हे उघडं पडलं असतं. म्हणून मी ऐटीत "आयतु सर", म्हणजे 'झालं सर', म्हणालो आणि आमच्या भावकूला घरोघर पाठवलं. भावकू खानापूरकडचा, मीटर बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्यानं दोन दिवसांत प्रत्येक मीटरच्या उड्या बंद करून चॅनेल सहा घातला.

काल चाचणी होती. वसाहतीतली माणसं जमली, सर आले, कुणीतरी नारळही आणला. मी लॅपटॉप उघडला. साठातला एक मीटर दिसला. बाकीचे एकोणसाठ सहा नंबरवर एकदम ओरडत होते. त्यात या मीटरांना अशी खोड असते की ऐकलं नाही तर पुढची हाक आणखी मोठ्यानं मारायची. अर्ध्या तासानं टॉवर पार बधिर झाला. सरांना तो एकच मीटर बघून आनंद झाला. जयाबाईंच्या घरचा. "कुणी लावला? असेच सगळे लावा!" भावकू डोकं खाजवत म्हणाला, "सायेब, त्यो एकच मी सहावर लावल्याला न्हाय. जयाबाईनी च्या दिलती, त्या नादात ऱ्हायला बगा." मग सगळाच उलगडा झाला. नारळ फुटला नाही, माझं बिंग मात्र फुटलं.

सर रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "अर्जात तर तुला कन्नड उत्तम येतं." मावशी, शनिवारी माझी नोकरी पक्की करायची की नाही ते ठरणार आहे. नाही झाली तर पुण्याला जावं लागेल. माझे सगळे मित्र गेले, मला जायचं नाही. मला इथंच आवडतं, ते साठ मीटरसुद्धा आवडतात. आज मी आणि भावकूनं सगळे नीट उड्या मारायला लावले. साठच्या साठ दिसतात.

काकांना नमस्कार.

तुमचा,
ऋग्वेद

ता.क. खरं काम राहिलंच. अर्जात 'कन्नड कुणाकडं शिकलात' या रकान्यात मी तुमचं नाव घातलंय. सर तुम्हाला फोन करतील. भाच्याला कन्नड उत्तम येतं, एवढं एकच वाक्य कन्नडमधून बोलायचं. तेवढ्यानं माझं आयुष्य मार्गी लागेल.

ता.क. २. पाकीट चिकटवणार तोच सरांचा फोन आला. म्हणजे त्यांनी तुम्हाला सकाळीच फोन केला होता तर! आणि तुम्ही म्हणालात, "त्याला सातवीत पस्तीस मार्क मी डोळे मिटून दिले. आणि समजलं नाही तर विचारायची लाज वाटते त्याला, ती आधी मोडा." वर त्यांच्याकडूनही तीनदा 'ह' म्हणवून घेतलात. सर इतके खूश झाले की शनिवारची वाट न बघता मला पक्कं केलं. अट एकच, दर रविवारी तुमच्याकडं कन्नड शिकायचं. म्हणून वरची विनंती रद्द. नवी विनंती अशी की 'ह' पक्का करायला सरही माझ्याबरोबर येतायत, तेव्हा कृपा करून साहेबांच्या देखत मला बाकावर उभं करू नका.