जबड्यातलं बांधकाम आणि मेंढीचं डोकं

बर्गन, ९ नोव्हेंबर

ती. बोर्गहिल्डताईस,

धाकट्या ओडमुंडचा साष्टांग नमस्कार (कंबरेत सुई खुपसल्यापासून साष्टांग फक्त कागदावरच जमतो). तुझे गुडघे काय म्हणतात? तुझ्याकडे स्टूर्डला पाऊस असेलच, इथेही आहे, तेव्हा त्यावर शाई घालवत नाही.

पत्रास कारण की, तू रोज फोनवर विचारतेस, "काही चावलं नाहीस ना?" आणि मी रोज नाही म्हणतो. फोनवर खोटं बोलायला मला काही वाटत नाही, पण कागदावर हात अडखळतो. म्हणून एकदाचं सांगून टाकतो. रागवायचं ते सगळं वाचून झाल्यावर रागाव.

गाठ काढल्यावर माझ्या खालच्या जबड्यात डावीकडे खड्डा राहिला, हे तुला ठाऊकच आहे. डॉक्टर त्युरिडबाईंनी माझ्या कंबरेच्या हाडातून मगज ओढला, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत तीन आठवडे पाळल्या-पोसल्या (त्यांची बडदास्त माझ्यापेक्षा चांगली होती) आणि जाड्या मिठासारख्या दाण्यांवर बसवून त्या खड्ड्यात भरल्या. दाणे म्हणजे इमारतीला बांधतात ती परांची. तिच्यावर चढून पेशी हाड बांधणार, आणि बांधकाम पुरं होत आलं की परांची हळूहळू विरून जाणार. मी म्हटलं, बाई, चाळीस वर्षं फेरीबोटीच्या खुर्चीत काढलेल्या कंबरेच्या पेशी या, यांना कामाची सवय कुठली? बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या करतील त्यांचं काम. तुम्ही मध्ये लुडबुड करू नका. सहा महिने कडक काही चावायचं नाही."

पाच महिने मी लापशी आणि माशाचं सूप गिळलं. मग हालवारने (आमच्या बोटीवरचा जुना इंजिनवाला, तोच तो मोठ्या आवाजाचा) मेंढीच्या डोक्याच्या जेवणाला बोलावलं. हालवारकडचं डोकं जो नाकारतो तो एकतर मेला किंवा ऑस्लोला राहायला गेला असं धरतात. म्हणून मी नुसतं सलगमाचं भरीत खायला गेलो. हसू नकोस, खरंच त्याच हेतूने गेलो होतो. पुढ्यात वाफाळतं अर्धं डोकं आलं. डोळा आणि कान गरम असतानाच आधी संपवायचे, हे मला लहानपणी तूच शिकवलंस, तेव्हा निम्मा दोष तुझा. डोळ्याला हाड नसतं, म्हणून डोळा खाल्ला. जीभ मऊच. गालाचं मांस तर आपणहून सुटून येतं. घात केला तो कानाने. धुराचा वास लागलेला, कडेला कुरकुरीत. भान हरपून डावीकडे घेतला आणि मोठ्याने 'कर्र' झालं.

हालवार म्हणाला, "ओडमुंड, लेका, हे तुझं वाजलं की मेंढीचं?"

मेंढीचं, म्हणालो. आणि कुणी पुढे विचारू नये म्हणून ताटातला तिचा जबडा उचलून नव्या हाडाच्या शास्त्रावर अर्धा तास व्याख्यान झोडलं. दोघांनी जेवण अर्धवट सोडलं.

पण काळजीचं कारण नाही. काल जबड्याचा फोटो काढला. बाई पडद्याकडे बघून म्हणाल्या, "छान धरलंय हाड. आता त्यात नवे दात खुशाल रोवू." एकंदरीत कंबरेने घराण्याचं नाव राखलं.

भावजींना नमस्कार. तुझा लोभ हे वाचूनही उरला तर तसाच राहू दे.

तुझा
ओडमुंड

ता. क. फोटो काल काढलेला नाही. पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला आहे. बाईंच्या तोंडचं ते वाक्य मीच घातलं, लिहिल्यावर कसं दिसतं ते बघायला. छान दिसतं.

आणखी एक ता. क. कर्र कुणाचं झालं ते मला खरंच माहीत नाही. पाच दिवस झाले, जीभ त्या जागेवरून हलत नाही. भीती वाटते गं, ताई. बुधवारच्या बसने येशील? रागावूनच ये. फोटो होईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलू नकोस, पण शेजारी बस.